कासव सुटले, पुढे काय?

प्लास्टिकच्या टबात दाटीवाटीने ठेवलेली कासवे, मागे उभे असलेले अधिकारी आणि वर ‘कासवांची सुटका’ असा मथळा. असे छायाचित्र वर्तमानपत्रांत अधूनमधून येते. वाचक समाधानाने पान उलटतो. पण त्या दिवशी संध्याकाळी ती कासवे कुठे गेली आणि सहा महिन्यांनंतर त्यांतली किती जिवंत होती, हे बहुधा कुठेच छापून येत नाही.

रुग्णालयात अत्यवस्थ रुग्ण शुद्धीवर आला की नातेवाइकांना वाटते, संकट टळले. डॉक्टरला मात्र ठाऊक असते की घरी गेल्यानंतरची काळजी नीट झाली नाही, तर हाच रुग्ण महिन्याभरात परत येणार आहे. सुटका झालेल्या कासवाचेही तसेच आहे. फरक एवढाच, की कासव परत येत नाही. ते कुठल्या तरी कोपऱ्यात शांतपणे मरते.

घरापर्यंत कसे पोहोचते?

छत्रपती संभाजीनगरसारख्या शहरात घरोघरी सापडू शकणारी कासवे मुख्यतः तीन प्रकारची. पहिले चांदणी कासव, म्हणजे स्टार टॉर्टाइज. काळसर कवचावर पिवळ्या रेषांच्या चांदण्या असलेले हे जमिनीवरचे कासव आहे. गुजरात-राजस्थानचा कोरडा पट्टा, आंध्र, कर्नाटक, तमिळनाडूतील झुडपी माळराने, शिवाय पाकिस्तानचा काही भाग आणि श्रीलंका हे त्याचे घर. दुसरे मऊ, कातडीसारख्या पाठीचे, आपल्याच तळ्या-विहिरींतले कासव. तिसरे ‘रेड इअर्ड स्लायडर’. डोळ्यामागे लाल पट्टा असलेले, नाण्याएवढे असताना मत्स्यालयाच्या दुकानात मिळणारे हे कासव मूळचे अमेरिकेतील मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातले.

घरात ते येते मुख्यतः समजुतीपोटी. कासव ठेवले की लक्ष्मी टिकते, वास्तुदोष जातो, असे सांगणारे पुष्कळ आहेत. त्याहून वाईट प्रकार ‘वीस नखांच्या’ कासवाचा. अशा कासवाने पैशांचा पाऊस पडतो असे सांगून लोकांना गंडवणाऱ्या टोळ्या महाराष्ट्रात वारंवार पकडल्या गेल्या आहेत. चांदणी कासवाच्या पुढच्या पायांना पाच-पाच आणि मागच्या पायांना चार-चार अशी साधारण अठराच नखे असतात, हे त्या टोळ्यांचे गिऱ्हाईक मोजून पाहत नाही.

या समजुतींमागचा व्यापार प्रचंड आहे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आंध्र-कर्नाटक सीमेवरील एकाच भागातून वर्षभरात किमान ५५ हजार चांदणी कासवे उचलली गेल्याचे आढळले होते. ऑगस्ट २०१९ मध्ये वन्यजीव व्यापारावरील ‘साइट्स’ करारात या कासवाला सर्वाधिक संरक्षणाच्या पहिल्या परिशिष्टात टाकण्यात आले. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्यातील दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि चांदणी कासव पहिल्या अनुसूचीत गेले. आता ते घरात ठेवणे म्हणजे किमान तीन वर्षांची कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड ओढवून घेणे होय.

कायदा कडक झाला की दोन गोष्टी घडतात. जप्तीच्या कारवाया वाढतात आणि घाबरलेले लोक रातोरात कासव नेऊन जवळच्या तळ्यात सोडतात. दोन्ही मार्गांनी आलेल्या कासवाला नवे, उघड्यावरचे घर लागते. ते घर कसे असावे, याचा विचार मात्र आधीपासून कुणी केलेला नसतो.

कवचाआडचा आजार

सदनिकेत वाढलेल्या कासवाची अवस्था बहुतेक वेळा सारखीच असते. गुळगुळीत फरशीवर चालणे, काचेच्या खिडकीतून येणारे ऊन आणि खायला पोळी, भात, काकडी, कधी दूध. घरच्यांना वाटते, कासव आनंदात आहे. आठ वर्षे झाली, कधी आजारी पडले नाही.

इथेच फसगत होते. कासवाच्या हाडांना आणि कवचाला कॅल्शियम लागते. ते आतड्यातून शोषले जाण्यासाठी ‘ड’ जीवनसत्त्व लागते आणि ते त्वचेत तयार होण्यासाठी सूर्यप्रकाशातील अतिनील ‘ब’ किरण लागतात. साधी काच हे किरण जवळजवळ पूर्ण अडवते. उन्हाला न गेलेल्या बाळाला मुडदूस होतो, त्याच प्रक्रियेने खिडकीमागच्या कासवाचे कवच मऊ पडते, जबडा वाकडा होतो, पाय शरीराचे ओझे पेलेनासे होतात.

दुसरा आजार पाण्याचा. जमिनीवरचे कासव शरीरातला नायट्रोजनचा कचरा मुख्यतः युरिक आम्लाच्या रूपात बाहेर टाकते. पाणी कमी पडले की हे आम्ल मूत्रपिंडात आणि सांध्यांत साचते. माणसातला गाउट तोच. कोरड्या प्रदेशातली कासवे मूत्राशयात पाण्याचा साठा ठेवतात. घाबरून उचललेले कासव लघवी करते, तेव्हा हा साठाच सांडून जातो. फोटोसाठी दहा जणांनी हातात घेतलेले कासव किती पाणी गमावते, याची कल्पना करावी.

तिसरे, श्वसनाचे विकार. दाटीवाटीत, गारठ्यात, घाणीत ठेवलेल्या कासवांच्या नाकातून पाणी येते, तोंड उघडून श्वास घ्यावा लागतो. हा संसर्ग एकाकडून दुसऱ्याकडे जातो.

हे सारे कवचाआड लपते. कासवाची चयापचय क्रिया इतकी संथ असते की उपासमारीला महिने लागतात. कुत्रा दोन दिवस जेवला नाही तर घर हलते. कासव दोन महिने खाल्ल्यावाचून एका जागी बसले तरी ‘ते तसेच असते’ म्हणून सोडून दिले जाते. म्हणून सुटकेच्या दिवशी कासव ‘ठणठणीत’ दिसले, या वाक्याला वैद्यकीय अर्थ फारसा नाही.

तळ्यात सोडले की पुण्य?

सलीम अली सरोवर किंवा हर्सूल तलावात कासव सोडून हात जोडणाऱ्या माणसाचा हेतू चांगलाच असतो. परिणाम मात्र वाईट होतो. चांदणी कासवाला पोहता येत नाही. खोल पाण्यात सोडलेले चांदणी कासव बुडून मरते. ‘कासव म्हणजे पाणी’ हे आपल्या डोक्यात इतके पक्के आहे की हा अपघात पुन्हा पुन्हा घडतो.

स्लायडरचे उलटे. ते तरते, वाढते आणि तळे बळकावते. जगातील सर्वाधिक उपद्रवी शंभर आक्रमक प्रजातींच्या यादीत त्याचे नाव आहे. ऊन खाण्याच्या जागा, अन्न, अंडी घालण्याचा काठ या सगळ्यांत ते स्थानिक कासवांना मागे रेटते. युरोपीय संघाने १९९७ मध्येच त्याची आयात थांबवली. दुकानातून आणलेले नाण्याएवढे पिल्लू काही वर्षांत ताटलीएवढे होते आणि तीस वर्षे जगू शकते. टाकी पुरेनाशी झाली की तळे आठवते.

रानात सोडण्यातही धोका आहे. अमेरिकेच्या मोहावी वाळवंटातील कासवांमध्ये मायकोप्लाझ्मा जंतूमुळे होणारा श्वसनविकार पसरला. लोकांनी पाळलेली आजारी कासवे रानात सोडल्यानेही त्याला हातभार लागला असावा, असा संशय घेतला जातो. एका घरातली सर्दी अख्ख्या रानाला लागू शकते ती अशी.

आणखी एक बाब म्हणजे वंशाची. वायव्य भारतातली आणि दक्षिणेतली चांदणी कासवे जनुकीयदृष्ट्या वेगळी आहेत. जप्त केलेले कासव मूळचे कुठले हे न पाहता कुठेही सोडले, तर हजारो वर्षांत त्या त्या मातीशी जुळलेले वाण एकमेकांत मिसळते. म्हणून सुटका झालेल्या अनेक कासवांसाठी खुले रान हा लगेचचा पर्याय नसतो. काहींसाठी तो कधीच नसतो. त्यांना लागते कुंपण घातलेले, उघड्यावरचे, देखरेखीखालचे घर.

संभाजीनगरच्या हवेत घर कसे असावे?

चांदणी कासवासाठी असे घर वनविभागाच्या परवानगीने चालणाऱ्या केंद्रात किंवा प्राणिसंग्रहालयातच उभे राहू शकते. ते घरच्या अंगणात करण्याची गोष्ट नाही. पण त्याची तत्त्वे साधी आहेत आणि खर्च वाघ-बिबट्याच्या पिंजऱ्याच्या मानाने किरकोळ आहे.

आधी मुहूर्त. मराठवाड्यात मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर जातो आणि डिसेंबर-जानेवारीच्या रात्री दहा अंशांपर्यंत, कधी त्याखालीही उतरतो. घरातल्या स्थिर तापमानाला सरावलेले कासव यांपैकी कोणत्याही टोकाला उघड्यावर नेणे धोक्याचे. चांदणी कासव सर्वाधिक हालचाल करते ते पावसाळ्यात. म्हणून मृग बरसून उन्हाची धग ओसरल्यावर, जूनच्या अखेरीपासून ऑगस्टपर्यंत त्याला नव्या जागी न्यावे. कोवळे गवत उगवलेले असते आणि थंडी येण्यापूर्वी रुळायला तीन-चार महिने मिळतात.

मग जमीन. इथली काळी माती पावसात चिखल होते आणि उन्हात भेगाळते. चिखलात दिवसचे दिवस बसलेल्या कासवाच्या पोटाकडचे कवच कुजते. त्यामुळे जागा उताराची हवी, मातीत मुरूम आणि वाळू मिसळलेली हवी आणि एक कोपरा तरी भर पावसात कोरडा राहायला हवा.

कुंपणाचा खालचा भाग भरीव असावा. जाळीतून पलीकडचे दिसले की कासव दिवसभर त्याच जाळीला धडका देत राहते, नाक सोलून घेते आणि दमते. विटांची दीड फूट भिंत हे काम चांगले करते. पाया थोडा खोल घ्यावा, म्हणजे खालून उकरता येणार नाही. लहान कासवे असतील तर वरूनही जाळी हवी. कावळे, घारी, मुंगूस आणि मोकाट कुत्री हे शत्रू शहरात कमी नाहीत.

सावली आणि ऊन दोन्ही हवे. कासवाला स्वतःची उष्णता निर्माण करून शरीर गरम ठेवता येत नाही. ते उन्हात बसून तापते आणि सावलीत जाऊन निवते. ही निवड त्याच्या हातात राहिली पाहिजे. नुसत्या उघड्या अंगणात एप्रिलच्या दुपारी कासव काही तासांत दगावू शकते. झुडपे, उलटे अर्धे फोडलेले माठ, दगडांच्या कपारी, वाळल्या गवताचे ढीग अशा लपायच्या जागा कासवांच्या संख्येहून जास्त असाव्यात. थंडीच्या रात्रींसाठी आत सुके गवत भरलेली, वाऱ्याकडे पाठ असलेली बंद खोली किंवा पेटी हवी. गारठ्यात पचन थांबते आणि पोटातले अन्न तसेच सडते. म्हणून थंडीत संध्याकाळी उशिरा खायला घालू नये.

पाणी उथळ परातीत, हनुवटीच्या वर न जाणारे. खाण्यात मुख्य भाग तंतुमय पाल्याचा. हराळी, शेवग्याचा पाला, जास्वंदीची पाने-फुले, काटे काढलेले निवडुंग. पालक रोज नको, कारण त्यातील ऑक्झलेट कॅल्शियम अडवून ठेवते. पोळी, भात, दूध बंद. फळे चवीपुरती. कण्हेर आणि घाणेरी या विषारी वनस्पती कुंपणाच्या आत असता कामा नयेत. सार्वजनिक बागांत नेमकी हीच झाडे हौसेने लावलेली असतात.

कवचावर उंचवटे येण्याचे खापर फार काळ प्रथिनांवर फोडले जाई. २००३ मध्ये व्हिएन्नातील संशोधकांनी आफ्रिकी कासवांच्या पिल्लांवर केलेल्या प्रयोगात मात्र कोरड्या हवेचा परिणाम प्रथिनांपेक्षा कितीतरी जास्त दिसला. चांदणी कासवाच्या कवचावर थोडे उंचवटे नैसर्गिकच असतात. पण लपायच्या जागेत किंचित ओलावा राखणे पिल्लांसाठी महत्त्वाचे, हे त्यातून घ्यायचे.

पहिले काही आठवडे

नवे कासव थेट जुन्या कासवांत सोडायचे नसते. आधी विलगीकरण. वेगळी जागा, वेगळी भांडी, विष्ठेची तपासणी, वजन, नाक-डोळे-तोंडाची पाहणी. हे काही आठवडे चालते. करोनाकाळाने विलगीकरण हा शब्द आपल्याला घरोघरी शिकवला. कासवांच्या बाबतीत त्याचा मुक्काम अधिक लांबतो, कारण त्यांचे आजारही संथपणे उघड होतात.

नव्या जागेत आल्यावर कासव पहिले काही दिवस खात नाही, एकतर कोपऱ्यात दडून बसते किंवा भिंतीच्या कडेने फेऱ्या मारत राहते. यात घाबरण्यासारखे काही नाही. ते जागा समजून घेत असते. या काळात त्याला उचलणे, कुरवाळणे, पाहुण्यांना दाखवणे टाळणे हाच उपचार. सुरुवातीला एक दिवसाआड कोमट, उथळ पाण्यात पंधरा-वीस मिनिटे बसवले की ते पाणी पिते आणि पोट साफ होते.

बाकी सारे फसवू शकते, वजन फसवत नाही. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी काट्यावर ठेवायचे आणि वहीत लिहायचे. सलग तीन-चार आठवडे वजन घटत असेल, नाकातून फेस येत असेल, डोळे सुजून बंद राहत असतील किंवा कवच बोटाने दाबले जात असेल, तर पशुवैद्यकाला दाखवण्यात एक दिवसही दवडू नये.

रानात परत पाठवायचे असले तरीही मधला टप्पा कुंपणाचाच. अमेरिकेतील दक्षिण कॅरोलायनात २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात गोफर कासवांचे तीन गट केले होते. एक गट थेट सोडला, दुसरा नऊ महिने आणि तिसरा बारा महिने त्याच जागी कुंपणात ठेवून मग सोडला. कुंपणात राहिलेली कासवे नंतरही त्या परिसरात टिकली. थेट सोडलेली दूरवर भटकली. नवख्या जागेतून भटकणारे कासव रस्त्यावर, शेतात, कुत्र्यांच्या तोंडी जाते. महाराष्ट्रातही वनविभाग आणि पुण्यातील रेस्क्यू या संस्थेने चंद्रपूर जिल्ह्यातील मध्य चांदा वनक्षेत्रात चांदणी कासवांना आधी कुंपणात रुळवून मग मोकळे करण्याचा मार्ग धरला. नोव्हेंबर २०१८ मध्ये सिंगापूरहून ५१ चांदणी कासवे बंगळुरूला परत आणली गेली, तेव्हाही त्यांची पहिली पायरी विलगीकरणाचीच होती.

माणसांची काळजी

कासव हाताळणाऱ्यांसाठीही एक इशारा आहे. निरोगी दिसणाऱ्या कासवाच्या विष्ठेत आणि अंगावर साल्मोनेला जंतू असू शकतात. मोठ्यांना त्याने जुलाब होऊन थांबतात. पाच वर्षांखालील मुले, वृद्ध, गर्भवती आणि प्रतिकारशक्ती कमी झालेल्या रुग्णांत हा संसर्ग रक्तात जाऊ शकतो. अमेरिकेत मुले कासवाची पिल्ले तोंडात घालत आणि आजारी पडत. त्यामुळे १९७५ मध्ये तेथे चार इंचांहून लहान कवचाच्या कासवांच्या विक्रीवर बंदी आली. आपल्या दुकानांत नेमकी तीच पिल्ले मुलांच्या हट्टासाठी विकली जातात. कासवाची टाकी स्वयंपाकघराच्या मोरीत धुऊ नये आणि हाताळल्यानंतर हात साबणाने धुवावेत, एवढे तरी पाळायलाच हवे.

शहरासमोरचा प्रश्न

संभाजीनगरात जप्त झालेल्या कासवांसाठी जागा शोधताना पहिले नाव सिद्धार्थ उद्यानाचे येते. पण महापालिकेच्या या प्राणिसंग्रहालयातील अपुऱ्या जागेवर केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने २०१८ मध्येच बोट ठेवले होते. मिटमिट्याला नवे सफारी पार्क उभारले जात आहे. चर्चा वाघ, सिंह आणि तिकीट खिडकीची होते. त्याच आवारात चांदणी कासवांसाठी एक उताराची कुंपणबंद जागा, स्लायडरसाठी बाहेर पडायला वाट नसलेले एक तळे आणि चार विलगीकरण कक्ष आराखड्यातच धरले, तर मराठवाड्यात पकडल्या जाणाऱ्या कासवांना हक्काचा पत्ता मिळेल. स्लायडर पाळणाऱ्यालाही आपले कासव तळ्यात फेकण्याऐवजी आणून द्यायला जागा होईल. इमारत उभी राहिल्यावर हे कोपऱ्यात बसवणे अवघड जाते.

नागरिकांचा वाटा छोटा, पण निर्णायक आहे. घरात किंवा शेजारी चांदणी कासव वा आपल्या तळ्यातले मऊ पाठीचे कासव असेल, तर वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवावे. ते येईपर्यंत कासव भोके पाडलेल्या खोक्यात, सावलीत, एकटे ठेवावे. सोबत एक चिठ्ठी द्यावी: कधीपासून आहे, काय खात होते, ऊन मिळत होते का. रुग्णाबरोबर आलेल्या जुन्या कागदपत्रांनी डॉक्टरचे अर्धे काम होते, तसेच इथेही.

आणि वर्तमानपत्रात कासवांच्या सुटकेची पुढची बातमी आली, की वाचकांनी एक प्रश्न जरूर विचारावा: त्यांची वजने कोण लिहून ठेवत आहे? सहा महिन्यांनी ती वही दाखवता आली, तर समजायचे की कासवे खरोखर सुटली.